ओ.के.ची जन्मतारीख

शनिवार, २३ मार्च १८३९. 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर एक लहानसे स्फुट छापले गेले. त्यावर नाव नाही, पण ते संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांच्याच हातचे असावे असे अभ्यासक मानतात. विषय अगदी किरकोळ होता. बॉस्टनमधील काही हौशी मंडळींनी 'घंटानादविरोधी मंडळ' नावाची एक संस्था काढली होती. गावात जेवणाची घंटा वाजवायला नगरपालिकेने केलेली बंदी हे या थट्टेखोर मंडळाचे निमित्त. मंडळाचे सभासद 'रिचमंड' नावाच्या आगबोटीने न्यूयॉर्कला निघाले. प्रॉव्हिडन्सच्या 'जर्नल' पत्राने ही मंडळी आपल्या शहरातून जाणार असे छापले. पोस्टने त्यांना टोकले : आम्ही असे म्हटलेच नव्हते, मात्र परतताना मंडळी तुमच्याकडून आली, तर तुम्ही त्यांचा पाहुणचार नीट कराल आणि बाटल्यांची बुचे उडतील अशी आशा आहे. या 'नीट'च्या जागी दोन अक्षरे होती, लहान लिपीत, प्रत्येकापुढे टिंब देऊन : ओ.के. त्यापुढे आडवी रेघ, आणि रेघेनंतर खुलासा : 'सगळे बरोबर'.

इंग्रजीत, आणि आता जगातल्या बहुतेक भाषांत, रोज कोट्यवधी वेळा उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाचा हा आज मान्य असलेला सर्वांत जुना छापील दाखला. ऑक्सफर्डच्या कोशात पहिले उदाहरण म्हणून हेच येते. हे स्फुट कोणी महत्त्वाचे म्हणून जपले नव्हते. वर्तमानपत्राच्या बांधीव खंडांत इतर हजारो स्फुटांबरोबर ते पडून राहिले आणि सव्वाशे वर्षांनी एका माणसाने ते शोधून काढले.

तो माणूस म्हणजे ॲलन वॉकर रीड. जन्म १९०६, मिनेसोटा राज्यातल्या विनेबॅगो गावी. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिक्षण. शिकागोला अमेरिकन इंग्रजीचा ऐतिहासिक कोश सिद्ध होत होता, तिथे सर विल्यम क्रेगी यांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षे काढली. नंतर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. ऐतिहासिक कोशाचे काम माणसाला एक शिस्त लावते : शब्दाबद्दल कोण काय सांगतो ते नंतर, आधी तो कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदावर, कोणत्या वाक्यात, कोणत्या अर्थाने आला ते दाखवा. आपल्याकडे वि. का. राजवाडे यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढून बखरींच्या जागी अस्सल कागद पुढे ठेवले, त्यामागची वृत्ती हीच होती.

ओ.के.च्या बाबतीत अशा शिस्तीची गरज फार होती, कारण या शब्दाभोवती बखरींचा पूर आला होता. कोणी म्हणे हे ग्रीक 'ओला काला', म्हणजे सगळे ठीक. कोणी म्हणे स्कॉटिश होकार. कोणी म्हणे हैतीतल्या ओ-काये बंदराची रम इतकी उत्तम की त्या बंदराचे नावच चांगल्या मालाची खूण झाले. ओबाडाया केली नावाचा रेल्वेचा कोणी मालबाबू पावत्यांवर आद्याक्षरे टाकायचा, अशीही एक कथा. सैन्याला बिस्किटे पुरवणाऱ्या कारखान्याचा शिक्का, रणांगणावर 'शून्य ठार' दाखवणारी पाटी, सॉक जमातीचा म्हातारा सरदार किओकक, अशी यादी लांबतच जाते. यातल्या बहुतेकांना तारखेचा एकही कागद नाही, म्हणून त्यांच्यापाशी थांबण्याचे कारण नाही. थांबायचे ते, ज्यांच्यापाशी कागद आहे असे म्हटले गेले त्यांच्यापाशी.

पण आधी बॉस्टनकडे परत. एकटे स्फुट फारसे बोलत नाही. त्याच्या आजूबाजूचे कागद वाचले की ते बोलू लागते, आणि रीड यांचे खरे श्रेय इथे आहे. त्यांनी दाखवून दिले की १८३८च्या उन्हाळ्यापासून बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत आद्याक्षरांचे वेड पसरले होते. 'आमचे पहिल्या प्रतीचे गृहस्थ' यासाठी ओ.एफ.एम., 'किरकोळ बाब' यासाठी एस.पी., 'टेक्सासला पसार' यासाठी जी.टी. अक्षरे आधी द्यायची, अर्थ कंसात किंवा रेघेनंतर सांगायचा, ही सगळ्यांची ठरलेली मांडणी. आपण पत्रात 'सा. न. वि. वि.' लिहून 'क. लो. अ.'ने शेवट करत होतो तो रीत म्हणून; बॉस्टनकर ते गंमत म्हणून करत होते.

पुढे गमतीत आणखी एक गंमत मिसळली. मुद्दाम अडाणी स्पेलिंग करायचे आणि त्या चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे घ्यायची. खेडवळ माणूस लिहितो तसे लिहून हसवण्याचा प्रकार त्या काळच्या अमेरिकन विनोदात मुरलेला होता. 'उपयोग नाही' यासाठी इंग्रजीत खरी अक्षरे एन.यू. व्हायला हवीत; पत्रे छापत के.वाय. 'ऑल राइट'साठी ए.आर. नव्हे, तर ओ.डब्ल्यू. हे ओ.डब्ल्यू. १८ जून १८३८च्या मॉर्निंग पोस्टमध्ये सापडते, म्हणजे त्याच पत्रात, ओ.के.च्या नऊ महिने आधी. एका घोडागाडीच्या सफरीचे वर्णन आहे : गाडी, अंतर, भाडे, कशातही निराशा झाली नाही, सगळे ओ.डब्ल्यू. आणि लगेच कंसात अर्थ. आता ओ.के.कडे पाहा. 'ऑल करेक्ट' चुकीच्या कानाने लिहिले तर पहिल्या शब्दाचा 'ए' जाऊन 'ओ' येतो, दुसऱ्याचा 'सी' जाऊन 'के' येतो. साचा तोच, वर्तमानपत्र तेच, अर्थ जवळजवळ तोच, अर्थ देण्याची पद्धतही तीच. ओ.डब्ल्यू.चा हा दाखला मला २३ मार्चच्या स्फुटापेक्षाही मोलाचा वाटतो. स्फुट शब्दाची तारीख देते, ओ.डब्ल्यू. त्याची घडण दाखवते. नुसती तारीख हाती असती, तर कोणीही म्हणाले असते की बॉस्टनच्या संपादकाने कुठूनतरी ऐकलेला परका शब्द छापला आणि अर्थ मागाहून चिकटवला.

त्या वर्षभरात शब्द हळूहळू थट्टेच्या बाहेर पडू लागला. ऑक्टोबर १८३९मध्ये फिलाडेल्फियाच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबवले आणि देशभर घबराट पसरली. ११ ऑक्टोबरच्या 'बॉस्टन इव्हिनिंग ट्रान्स्क्रिप्ट'ने लिहिले की आमच्या बँकांच्या संचालकांना विचारविनिमयासाठी बैठक बोलावण्याचीही गरज वाटलेली नाही. इकडे सगळे ओ.के. आहे. कंसात पुन्हा 'सगळे बरोबर'. पैसा बुडण्याच्या भीतीने लोक धास्तावलेले असताना धीर देणाऱ्या मजकुरात हा शब्द आला, यावरून सात महिन्यांत त्याला किती वजन आले होते ते कळते. पण अर्थ सांगावा लागत होता, हेही तितकेच खरे.

ओ.डब्ल्यू., के.वाय. आणि बाकीची बहुतेक अक्षरे वर्षा-दोन वर्षांत मेली. ओ.के.ही मेले असते. त्याला १८४०च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीने वाचवले.

डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरन त्या वेळी अध्यक्षपदावरच होते. न्यूयॉर्क राज्यातले किंडरहुक हे त्यांचे जन्मगाव. 'ओल्ड किंडरहुक' असे त्यांना म्हटले जाई. सोमवार, २३ मार्च १८४० रोजी, बॉस्टनच्या स्फुटाला बरोबर एक वर्ष होत असताना, न्यूयॉर्कच्या 'न्यू एरा' पत्रात सूचना आली : डेमोक्रॅटिक ओ.के. क्लबच्या सभासदांनी उद्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता ग्रँड स्ट्रीटवर जमावे. शुक्रवारी, २७ तारखेला, मेसॉनिक हॉलमध्ये व्हिग पक्षाची सभा चालू असताना डेमोक्रॅट जमाव आत घुसला, आणि त्यांच्या तोंडी घोषणा होती ओ.के. दुसऱ्या दिवसापासून न्यूयॉर्कच्या पत्रांत ही दोन अक्षरे दंग्याच्या बातम्यांतून झळकू लागली. ज्यांनी बॉस्टनची गंमत कधी वाचली नव्हती, त्यांना ती पहिल्यांदा भेटली ती अशी, धाकाची खूण म्हणून.

क्लबने अक्षरे बॉस्टनकडून घेतली की किंडरहुकवरून? मे महिन्यातला एक कागद याचे उत्तर देतो. २७ मेच्या न्यू एरामध्ये एका सोन्याच्या पिनेची पोच छापली आहे. पिनेवर ओ.के. कोरले होते. संपादक म्हणतात की व्हिगांना धडकी भरवणारी ही अक्षरे व्हॅन ब्यूरन यांच्या जन्मगावाची, जुन्या किंडरहुकची, खूण आहेत, तसेच गेल्या निवडणुकीतल्या 'सगळे बरोबर' या आरोळीचीही. आणि पीन लावणाऱ्यांनी सगळे ओ.के. व्हावे म्हणून झटले पाहिजे. दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात आहेत. लिहिणाऱ्याला दोन्ही ठाऊक होते आणि दोन्ही हवे होते. चालू शब्द आपल्या उमेदवाराच्या गावाशी जुळतो, हा योग क्लबवाल्यांनी साधला. व्हिग गप्प बसले नाहीत. त्यांनी त्याच अक्षरांतून 'रोकड संपली, पत संपली, चारित्र्य संपले' अशी उत्तरे काढली, 'करेक्ट'सारखाच प्रत्येक शब्दातला 'सी' बदलून 'के' करून. निवडणूक व्हॅन ब्यूरन हरले : विल्यम हेन्री हॅरिसन यांना २३४ प्रतिनिधिमते, त्यांना ६०. शब्द मात्र देशभर पोचला होता.

१८४०च्या त्याच मार्चच्या अखेरीस एक खोटी गोष्ट जन्मली, आणि तिचे आयुष्य खऱ्या गोष्टीपेक्षा मोठे ठरले. मेसॉनिक हॉलच्या दंग्यानंतर तीनच दिवसांनी जेम्स गॉर्डन बेनेट यांच्या 'हेरल्ड'ने ओ.के.चा उगम छापला. कथेनुसार, सरकारी अधिकारी अमोस केंडल यांच्यावर आरोप झाले तेव्हा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी कागद तपासले, त्यांना सगळे बरोबर दिसले, आणि त्यांनी गठ्ठ्यावर ओ.के. लिहायला सांगितले, कारण 'ऑल करेक्ट' त्यांच्या तोंडी 'ओल कुरेक' असे यायचे. व्हॅन ब्यूरन हे जॅक्सन यांचे राजकीय वारस. त्यांच्या क्लबच्या घोषणेवर मात करायची तर ती घोषणाच एका अडाणी म्हाताऱ्याची चूक ठरवावी, हा डाव स्पष्ट आहे. कथेचा दिवस पाहिला की हेतू कळतो. इतिहासकाराने खोट्या गोष्टीची तारीखही तितक्याच काटेकोरपणे काढावी असे मला वाटते ते यासाठी : बेनेट यांच्या कथेतून जॅक्सन यांच्या स्पेलिंगबद्दल काहीच हाती लागत नाही, पण त्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये काय धुमसत होते ते सगळे कळते.

कथा निवडणुकीबरोबर विझली नाही, कारण एकोणीस वर्षांनी तिला आधार मिळाला असे वाटले. टेनेसीचे इतिहासकार ए. डब्ल्यू. पटनम यांनी १८५९च्या आपल्या ग्रंथात सम्नर परगण्याच्या न्यायालयातली ६ ऑक्टोबर १७९०ची नोंद दिली : वकील अँड्र्यू जॅक्सन यांनी एक खरेदीखत शाबीत केले, 'जे ओ.के. होते'. पुढच्याच वर्षी जेम्स पार्टन यांनी जॅक्सन यांच्या चरित्रात हा विषय घेतला, आणि बखर दस्तऐवजाच्या वेषात ग्रंथांतून फिरू लागली. १९४१मध्ये अभ्यासक वुडफर्ड हेफ्लिन यांनी ही बाजू तपासली. ती अक्षरे ओ.आर. होती, 'नोंदवण्याचा हुकूम'. कारकून प्रत्येक दस्तावर हा शेरा मारत. वळणदार 'आर'चा 'के' झाला होता. मोडी कागद वाचणाऱ्यांना असा धोका नवा नाही : जे वाचायची इच्छा असते, तेच अक्षर डोळ्यांना दिसते.

पण त्या नोंदीत आणखी काही आहे, आणि दोन अक्षरांच्या वादात ते मागे पडले. ते खरेदीखत एका काळ्या माणसाचे होते. ह्यू मॅक्गॅरी याने तो माणूस गॅस्पर मॅन्स्करला विकला होता. विद्वानांनी ऐंशी वर्षे या ओळीवर खल केला तो शेऱ्यासाठी. विकल्या गेलेल्या माणसाचे नाव त्या ओळीत नाही.

दुसरा 'कागद' १८१५चा. विल्यम रिचर्डसन नावाचा बॉस्टनचा गृहस्थ न्यू ऑर्लिन्सला खुष्कीने निघाला. त्याची रोजनिशी १९३८मध्ये छापली गेली. २१ फेब्रुवारीच्या नोंदीत प्रिन्स्टन गावाच्या उल्लेखाजवळ 'ओके' असे वाचले गेले. खरे ठरले असते तर बॉस्टनची तारीख चोवीस वर्षे मागे गेली असती. हस्तलिखित तपासल्यावर त्या जागी खाडाखोड दिसली : लिहिणाऱ्याने एक वाक्यखंड सुरू केला, मग सोडला, आणि उरलेल्या अक्षरांचे चुकीचे वाचन झाले. शिवाय त्या वाक्यात 'सगळे बरोबर' हा अर्थ घातला तर वाक्यच लागत नाही. अक्षर डोळ्यांना कसे दिसते याइतकेच ते वाक्यात बसते का, हेही पाहावे लागते.

अध्यक्ष वुड्रो विल्सन कागदांवर मंजुरी देताना 'ओ-के-ई-एच' लिहीत, कारण हा शब्द चॉक्टॉ जमातीच्या भाषेतला आहे अशी त्यांची खात्री होती. चॉक्टॉमध्ये 'असेच आहे' असा ठासून अर्थ देणारे तसे रूप आहे, आणि मिशनऱ्यांच्या जुन्या भाषांतरांत ते छापलेले आहे. म्हणजे कागद खरा, रूपही खरे. नाही तो हे रूप आणि ओ.के. यांना जोडणारा दुवा : चॉक्टॉ रूप इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'ठीक आहे' म्हणून येते असे १८३९पूर्वीचे वाक्य. बॉस्टनच्या संपादकाला अडाणी स्पेलिंगचा खेळ करायचा होता, हे मात्र शेजारच्या दहा स्फुटांवरून दिसते.

सर्वांत गंभीर प्रश्न शेवटी आला, तोही रीड यांचे लेख छापून झाल्यावर. १९६९पासून लंडनच्या प्राच्य व आफ्रिकी अभ्यास संस्थेतील डेव्हिड डॅल्बी यांनी मांडले की ओ.के.मागे पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला होकार असावा : 'वाव के', म्हणजे हो, अगदी. गुलाम करून आणलेल्या लोकांच्या तोंडून तो अमेरिकेत आला आणि गोऱ्यांनी उचलला. त्यांनी जुने दाखले दिले. १७८४मध्ये छापलेल्या, स्मिथ नावाच्या प्रवाशाच्या प्रवासवर्णनात एक गुलाम वाक्याची सुरुवात 'के, मालक' अशी करतो. १८१६च्या जमैकातील एका गोऱ्याच्या रोजनिशीत 'ओह की' असा उद्गार आहे.

रीड यांना हे पटले नाही, आणि दाखल्यांपुरते त्यांचे म्हणणे मला बरोबर वाटते. 'ओह की' हा आश्चर्याचा उद्गार आहे, संमतीचा नव्हे. स्मिथचा 'के' होकार असेलही, पण तो 'ओ'शिवाय उभा आहे. १८३९नंतर ओ.के. पसरले ते बॉस्टन, सेलम, न्यूयॉर्क अशा उत्तरेकडच्या छापखान्यांतून, आणि पसरताना टिंबे आणि 'सगळे बरोबर' हा अर्थ सोबत घेऊन. तोंडी शब्द कागदावर येताना उच्चाराप्रमाणे नाना रूपे घेऊन येतो. हा पहिल्या दिवसापासून दोन अक्षरे आणि दोन टिंबे असा आला.

तरीही डॅल्बी यांचा प्रश्न चॉक्टॉ किंवा ग्रीक कथांच्या पंगतीत बसवता येणार नाही. त्या काळी अनेक दक्षिणी राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे गुन्हा होता. त्यांची भाषा आपल्यापर्यंत पोचते ती मळेवाल्यांच्या रोजनिश्यांतून, प्रवाशांच्या वर्णनांतून, पळालेल्यांना पकडून देण्याच्या जाहिरातींतून. म्हणजे नेहमी दुसऱ्याच्या कानातून आणि दुसऱ्याच्या स्पेलिंगमधून. ज्यांनी आपली वर्तमानपत्रे काढली, त्यांच्या थट्टेचासुद्धा दिवस सांगता येतो. ज्यांना खरेदीखतात नावही मिळाले नाही, त्यांच्या होकाराचा दिवस कोणी नोंदवला नाही. त्यांच्या बोलण्याबद्दलचे कागदाचे मौन बॉस्टनच्या दाखल्याला खोटे पाडत नाही; पण ते मौन इतर कथांच्या मौनासारखेही नाही.

रीड यांनी आपली तारीख अंतिम म्हणून पूजली नाही, हेही नोंदवले पाहिजे. जुलै १९४१मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'मध्ये त्यांनी पहिला लेख लिहिला तेव्हा त्यांचे उत्तर किंडरहुक हेच होते. न्यूयॉर्कच्या क्लबपलीकडे जाणारा कागद तोवर हाती नव्हता. पुढे ते आणखी मागचे खंड चाळत राहिले. १९६३ आणि १९६४मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात त्यांचे सहा लेख आले : पहिली अवस्था बॉस्टनची, दुसरी निवडणुकीची, मग जॅक्सन यांच्या स्पेलिंगचा प्रश्न, लोककथा, नंतरचा प्रसार, आणि शेवटी या शब्दाच्या स्पष्टीकरणात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांचा आढावा. त्या दुरुस्त्यांत त्यांचा स्वतःचा १९४१चा निष्कर्षही होता. २००२मध्ये ते वारले. १८३९च्या आधीचा, टिंबांसह किंवा टिंबांविना, 'सगळे बरोबर' असा अर्थ वाक्यातून निर्विवाद दाखवणारा कागद सापडला, तर जन्मतारीख बदलावी लागेल. तो बॉस्टनच्या छापखान्यातला असेल किंवा जॉर्जियातल्या एखाद्या मळ्याच्या हिशेबवहीतला. लावायच्या कसोट्या त्याच राहतील.